पंगत, पोशाख आणि गंगेवरील जलविहार

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, वाराणसी येथे दिलेले भाषण)



या व्याख्यानासाठी विषयाची निवड कार्यकारी मंडळाने आमच्यावर सोपविली होती. काशीतील मराठी वस्तीचा इतिहास, पेशव्यांचे घाट, गागाभट्टांचे घराणे असे काहीतरी आम्ही बोलू, अशी आपली अपेक्षा असणार. हे विषय थोर आहेत यात संशय नाही. परंतु याच व्यासपीठावरून पन्नास वर्षांत त्यांवर इतके बोलले गेले आहे की, अहिल्याबाईंनी विश्वेश्वराचे देवालय १७८० साली पुन्हा उभे केले हे आपल्याकडील शाळकरी मुलेही झोपेत सांगतील. आज आम्ही जेवणाविषयी आणि कपड्यांविषयी बोलणार आहोत, आणि त्याचे निमित्त आपल्या मंडळानेच दिले आहे.

येत्या कोजागिरीला जहाज भाड्याने घेऊन गंगेवर जलविहार करावा व भोजनही त्यावरच व्हावे, असा ठराव झाल्याचे आपण जाणताच. ठरावामागोमाग घरोघर परिपत्रक आले. त्यात दोन कलमे आहेत. स्त्रियांनी नऊवारी अथवा पैठणी, आणि पुरुषांनी धोतर, अंगरखा व पगडी परिधान करूनच यावे, हे पहिले. भोजन दोन प्रकारचे राहील, साधे आणि विशेष, व विशेष भोजनासाठी वरच्या मजल्यावर निराळी बैठक असून तिचे शुल्क निराळे, हे दुसरे. परिपत्रक पोहोचल्यापासून आठवड्याच्या आत चार घरांनी ‘येणे जमणार नाही’ असा निरोप पाठविला. कारण एकानेही दिले नाही. आपल्या लोकांत अशी कारणे कोणी देत नाही.

ही कल्पना आली कोठून, हे पाहण्यासारखे आहे. गेल्या काही वर्षांत काशीच्या पात्रात नव्या तऱ्हेची जहाजे आली. २०१८ साली ‘अलकनंदा’ नावाची दुमजली नौका घाटांसमोरून फिरू लागली. १३ जानेवारी २०२३ रोजी ‘गंगा विलास’ हे जहाज येथून निघाले, ते पाटणा, कोलकाता, ढाका, गुवाहाटी अशा वाटेने आसामात दिब्रुगडला पोहोचले. अंतर सुमारे ३,२०० किलोमीटर, लांबी ६२ मीटर, दालने १८ आणि प्रवासी जास्तीत जास्त ३६. पहिल्या सफरीला स्वित्झर्लंडचे ३२ प्रवासी होते. जहाजावर भारतीय शाकाहारी भोजन मिळेल, मद्य मिळणार नाही, असे ते चालविणाऱ्या कंपनीतर्फे तेव्हा सांगण्यात आले होते. नदीवरील जहाजांवर पोशाखाचा जाच सहसा नसतो. दिवसा घाट चढायचे-उतरायचे, मंदिरात जाताना खांदे झाकायचे व पादत्राणे काढायची, आणि रात्री स्वच्छ, नीटनेटके कपडे घालून जेवायला बसायचे, एवढेच. छत्तीस माणसांच्या जहाजावर सात भोजनगृहे असण्याचाही प्रश्न नाही.

सात भोजनगृहे असतात ती समुद्रावर. आपल्यापैकी ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांतील काहींनी ती पाहिली आहेत, आणि परिपत्रकाचा मसुदा त्यांच्याच वर्णनांवरून झाला असावा असा आम्हांला दाट संशय आहे. तेव्हा त्या जहाजांची रीत आधी समजून घेऊ.

मोठ्या सागरी जहाजावर एक मुख्य भोजनशाळा असते व तिचे मूल्य तिकिटातच धरलेले असते. तेथे पूर्वापार दोन बैठकी चालत आल्या आहेत, एक संध्याकाळी लवकरची आणि दुसरी उशिराची. टेबल ठरलेले, सोबती ठरलेले आणि वाढपीही ठरलेला. ऐकताना आपल्याला हसू येईल, कारण ही आपली पहिली पंगत आणि दुसरी पंगतच झाली. २००० सालाच्या सुमारास ‘नॉर्वेजियन’ या नावाच्या कंपनीने ही ठरीव वेळ मोडून कोणीही केव्हाही यावे व कोणाही शेजारी बसावे अशी पद्धत आणली, आणि पुढे इतरांनाही कमी-अधिक प्रमाणात ती उचलावी लागली. याखेरीज वरच्या मजल्यावर आपल्या हाताने वाढून घेण्याची व्यवस्था असते. तेथे दिवसभर काही ना काही मांडलेले असते आणि पोशाखाची फारशी चौकशी होत नाही. मग येतात ती विशेष भोजनगृहे: इटालियन, जपानी, फ्रेंच, त्यांचे पैसे निराळे व जागा आधी राखून ठेवावी लागते.

ही कल्पना नवी नव्हे. १९१२ साली बुडालेल्या ‘टायटॅनिक’वरही पहिल्या वर्गाच्या भोजनशाळेखेरीज पैसे मोजून जेवण्याचे निराळे उपाहारगृह होते. तिकिटाचे पैसे घेऊन झाल्यावर त्याच जहाजावर पुन्हा निराळे ताट विकावयाचे, या प्रकाराला इंग्रजीत काय म्हणतात ते ठाऊक असणारे ठाऊक असोत. मराठीत त्याला पंक्तिप्रपंच म्हणतात, आणि आपल्या आजीने तो कधी खपवून घेतला नसता.

पोशाखाचे म्हणाल तर त्यात कंपनीकंपनीचा फरक आहे. ‘क्वीन मेरी २’ हे जहाज २००४ पासून अटलांटिकवर जाते-येते. तेथे संध्याकाळी सहानंतर नेटका पोशाख अपेक्षित असतो, आणि सफरीत काही रात्री ‘गाला’ म्हणून ठरलेल्या असतात. त्या रात्री पुरुषांनी काळा डिनर-सूट अथवा गडद सूट घालावा, स्त्रियांनी लांब झगा घालावा, असा संकेत. परंतु त्याच नियमात आणखी एक सोय आहे आणि ती आपल्या लोकांना बहुधा माहीत नसते: ज्याच्या त्याच्या देशाचा औपचारिक पोशाख तेथे मान्य असतो. स्कॉटलंडचा मनुष्य आपला किल्ट घालून जातो. आपण बंद गळ्याचा कोट घालून जावे. साडीला तर कोठेच हरकत नाही. उलट, आमच्या एका नात्यातील मावशी साधी इरकली नेसून गेल्या तेव्हा त्यांच्याच शेजारी बसण्यासाठी बायकांत अहमहमिका लागल्याचे आम्ही ऐकले. मात्र रात्रीच्या भोजनशाळेत अर्ध्या चड्डीला व सपातांना मज्जाव असतो, आणि तो गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्याला त्या रात्री नटायचे नसेल त्याच्यासाठी हाताने वाढून घेण्याची जागा उघडी असते. नियम कितीही कडक असला तरी जहाजावर कोणी उपाशी राहत नाही.

आपल्यातील जे पुढेमागे अशा सफरीला निघतील त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो, कारण व्याख्यानातून निदान एवढे तरी हाती लागावे. शाकाहाराचे जहाजावर सांगून भागत नाही. ते तिकीट काढतानाच लेखी कळवावे लागते. नुसते ‘शाकाहारी’ म्हटल्यास अंडे चालते असे धरले जाते, सारात मांसाचा अर्क असू शकतो आणि थरथरणाऱ्या गोड पदार्थात जिलेटिन असते. ‘भारतीय शाकाहारी’ असे स्पष्ट म्हणावे, व कांदा-लसूण वर्ज्य असल्यास तेही लिहावे. मुंबईहून २०२१ पासून सुटणाऱ्या ‘कॉर्डेलिया’च्या जहाजावर जैन भोजनही मिळते, त्यामुळे तेथे ही अडचण कमी. एकादशी-चतुर्थी करणाऱ्यांना फळे, दही, उकडलेला बटाटा हा मार्ग कोठेही मोकळा असतो. भोजनशाळेत गारवा फार असतो, तेव्हा शाल हाताशी ठेवावी. घरचे लाडू-चिवडा नेण्याबाबत मात्र आधी विचारून घ्यावे. घरी केलेले पदार्थ बहुतेक ठिकाणी चढू देत नाहीत. भाऊच्या धक्क्यावरून ‘रोहिणी’ आणि ‘सरिता’ कोकणात जात होत्या तो काळ वेगळा. तेव्हा डेकवर पथारी टाकून जो तो आपले भाकरीचे फडके सोडी, आणि शेजाऱ्याच्या फडक्यातील सुक्या जवळ्याचा वास आपल्या भाकरीला लागे, तोही फुकट.

असो. जहाजाच्या या रीतींना आपण हसतो, पण पोशाखावाचून पानावर बसू न देण्याचा नियम साहेबाने आपल्याला शिकविलेला नाही. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा, रामघाट या भागांतील जुन्या मराठी वाड्यांत सोवळ्याचे जे राज्य होते ते पोशाखाच्या सक्तीचेच राज्य होते. पंचगंगेत बुडी मारून ओलेत्याने पायऱ्या चढायच्या, दांडीवरचा मुकटा काठीने काढून नेसायचा, थंडीत धाबळी गुंडाळायची, आणि मग कोणाला शिवायचे नाही. पीतांबर नेसलेला यजमान पाणी सोडीपर्यंत कोणी घास उचलायचा नाही. मीठ आणि लिंबू कोठे, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, वरण-भाताची मूद मध्ये, हे सारे ठरलेले. त्यात एक सौंदर्य होते, हे आम्ही मनापासून मान्य करतो. वाढणाऱ्याचा आग्रह, ‘सावकाश होऊ द्या’ हा यजमानाचा शब्द, आणि सर्व उठल्यावर शेवटच्या पंगतीला यजमान-यजमानीण बसणे. जहाजाचा कप्तान मानाच्या टेबलावर बसतो, आपला यजमान शेवटी बसतो, हा भेद लहान नाही.

परंतु त्या पंगतीच्या बाहेर कोण कोण उभे होते, याचाही हिशेब ठेवला पाहिजे. ज्या काशीत अन्नपूर्णेच्या कृपेने कोणी उपाशी निजत नाही असे म्हणतात, त्याच काशीत कोणाच्या हातचे खाल्ले यावरून माणसे वाळीत पडत होती. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही मंडळींनी चहा घेतला. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. त्या एका पेल्यावरून पुण्यात ग्रामण्य माजले, शंकराचार्यांच्या वतीने चौकशी बसली. आणि टिळकांनी पुढे काय केले, तर आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे दाखवून दिले. म्हणजे पुण्यात प्यालेल्या चहाचा डाग धुण्याचे काम आपल्या या घाटांवर झाले. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले तेव्हा त्यांच्या स्नेह्यांनाच ते अधिक लागले.

याच्या उलट बाजूचेही एक उदाहरण आहे, आणि ते आम्हांला अधिक मोलाचे वाटते. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या जहाजाने निघाल्या, तेव्हा त्यांना नुकतेच अठरावे सरले होते. त्याआधी फेब्रुवारीत श्रीरामपूरला भरसभेत त्यांनी आपण अमेरिकेस का जात आहोत हे सांगितले, आणि आहार, पोशाख व चालीरीती बदलणार नाही असेही निक्षून सांगितले. जहाजावर सोबत मिशनच्या बाया होत्या, जेवणाच्या मेजावर साऱ्या परक्या रीती, आणि ही एकटी मराठी मुलगी लुगडे नेसून बसलेली. त्या शब्दाला त्या जागल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात त्यांना वैद्यकीची पदवी मिळाली. त्यांचा पोशाख आणि त्यांचे अन्न हे त्यांनी स्वतः निवडलेले होते. परिपत्रकाने ते लादलेले नव्हते. आम्हांला जो भेद दाखवायचा आहे तो एवढाच आहे.

आता काशीच्या स्वतःच्या जलविहाराकडे या. साहेबाची जहाजे येण्यापूर्वी गंगेवर चैन नव्हती असे समजू नका. होळीनंतरच्या मंगळवारी ‘बुढवा मंगल’ भरे. बजरे एकमेकांना जोडून त्यांवर गाद्या-लोड मांडीत, पांढऱ्या चादरी अंथरीत, गुलाबपाणी शिंपडीत. ठंडाई, पान, अत्तर आणि रात्रभर गाणे. भारतेंदु हरिश्चंद्रांच्या काळी त्याचा मोठा थाट होता. पुढे खंड पडला, आणि नंतर तो पुन्हा सुरू झाला. त्यालाही पोशाख होताच: पांढरा कुर्ता, धोतर, दुपट्टा, डोक्यावर दुपल्ली टोपी. परंतु पांढरा कुर्ता कोणाकडे नाही? रईसाचा मलमलीचा, हलवायाचा मांजरपाटाचा. दिव्यांच्या उजेडात दोन्ही पांढरेच. आणि ज्याला बजऱ्यावर जागा नसे तो आपली लहान नाव शेजारी लावून तेच गाणे ऐके. त्याखेरीज ‘बहरी अलंग’ म्हणून येथील लोक पलीकडच्या वाळूवर जात, कपडे धूत, भांग घोटीत, बाटी-चोखा भाजीत. तेथे तर पोशाख म्हणजे गमछा.

हे ध्यानात ठेवून आपल्या परिपत्रकाकडे पुन्हा पाहावे. पुरुषांनी पगडी घालावी. कोणाची पगडी? पुणेरी पगडी ही एका शहराची आणि खरे बोलायचे तर एका वर्गाची खूण आहे. आपल्या मंडळात आज घाटांवरची जुनी वैदिक घराणी थोडी उरली आहेत. चौकातील गल्ल्यांत सोने-चांदी गाळणारे आपले गलाई बांधव आहेत. खानापूर, आटपाडी, विटा या दुष्काळी भागांतून त्यांचे वाडवडील मुलूखभर पसरले. त्यांच्या घरी फेटा असतो, पगडी नसते. रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात काम केलेले निवृत्त लोक आहेत, हिंदू विश्वविद्यालयात शिकणारी आणि खोली घेऊन राहणारी मुले आहेत. त्या मुलाने पगडी कोठून आणावी? भाड्याने?

स्त्रियांनी पैठणी नेसावी. अस्सल पैठणीची किंमत आम्ही येथे उच्चारीत नाही. पण गंमत पाहा. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या नवरी ज्या वस्त्रात बोहल्यावर चढली तो शालू बनारसी. तो आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर मदनपुऱ्यात विणला जातो, आणि काशीच्या मराठी मंडळाच्या परिपत्रकात त्यालाच जागा नाही! आपल्या घरांतील निम्म्या सुना आता बंगाली, भोजपुरी, पंजाबी आहेत. नऊवारी नेसण्याची हौस त्यांना कदाचित असेलही. सक्ती झाली की हौस मरते. ज्या वृद्ध भगिनी वर्षानुवर्षे पांढरी-करडी पाचवारी नेसतात त्यांनी काय करावे, हे तर मसुदा करणाऱ्याच्या मनातही आले नसावे. मराठी भाषा बोलता येते म्हणून आपण येथे जमतो. नाकावर नथ आहे की नाही हे पाहून कोणाला या सभागृहात आत घेतलेले आम्हांला आठवत नाही.

दुसऱ्या कलमाबद्दल आम्ही थोडक्यात बोलू. एकाच नावेवर दोन दरांची दोन ताटे नकोत. एकनाथमहाराजांनी आपले भागवत शके १४९५ मध्ये याच काशीत पुरे केले. श्राद्धाचे अन्न त्यांनी दारातून जाणाऱ्या भुकेल्यांना, ज्यांना शिवू नये असे शास्त्री सांगत त्यांना, पोटभर वाढले, आणि मग ब्राह्मणांसाठी पुन्हा स्वयंपाक केला, ही पैठणची कथा आपण दर षष्ठीला ऐकतो. ती ऐकून घरी यायचे आणि वरच्या मजल्याचे शुल्क ठरवायचे, हे आम्हांला तरी जमणार नाही.

मग करावे काय? आमची सूचना व्यवहाराची आहे. वातानुकूलित जहाज सोडून द्यावे आणि दोन मोठे बजरे घ्यावेत. ते येथील निषाद नाविकांकडून थेट ठरवावेत. मोठ्या जहाजांनी आपला रोजगार जातो म्हणून त्यांनी विरोध केला होता, आणि आपल्या घरांतल्या अस्थी ज्यांनी तीन पिढ्या मध्यधारेपर्यंत वल्हवीत नेल्या त्यांच्याशी आपला ऋणानुबंध जुना आहे. जितका खर्च वरच्या मजल्यावर होणार होता तितक्यात सर्वांचे जेवण होते, हा हिशेब खजिनदारांनी काल आम्हांला मांडून दाखविला. स्वयंपाक नावेवर करू नये, ते धोक्याचे आहे. घाटावर करून डब्यांतून चढवावा. वरण-भात, अळूची भाजी, मठ्ठा आणि जिलेबी पुरे. पुऱ्या वाऱ्याने चिवट होतात, त्या टाळाव्यात. गादीवर पांढरी चादर अंथरून पत्रावळी मांडाव्यात, गुडघेदुखीच्या मंडळींसाठी कडेला बाके असावीत, आणि पंगत वाढण्याचे काम कार्यकारी मंडळाने करावे व शेवटच्या पंगतीला स्वतः बसावे. पोशाखाविषयी एकच ओळ लिहावी: नदीवर रात्री गारवा असतो, अंगावर काहीतरी घेऊन यावे. ज्याला पगडी घालायची असेल त्याने अवश्य घालावी. वाऱ्यात ती सांभाळण्याची जबाबदारी मात्र त्याची.

आश्विनात पाणी चढलेले राहिले आणि नावा बंद असल्या, तर बेत कार्तिकी पौर्णिमेवर ढकलावा लागेल. त्या रात्री देवदिवाळीची गर्दी असते व नावा महिनाभर आधी ठरतात, त्यामुळे दोन्ही तारखांचा विसार आताच देऊन ठेवणे बरे. पंचगंगेवरचा अहिल्याबाईंचा म्हणून ओळखला जाणारा दगडी दीपस्तंभ त्या रात्री पेटतो, तो नावेतूनच पाहावा. घाटावर उभे राहायला जागा मिळत नाही.

चार घरांनी नाही म्हटले आहे. त्यांना दुसरे परिपत्रक पाठवू नये. उद्या सकाळी आम्ही स्वतः त्यांच्याकडे जाणार आहोत. ज्यांना बरोबर यायचे असेल त्यांनी आठ वाजता दुर्गाघाटाच्या वरच्या पायरीशी भेटावे. पहिले घर तेथून जवळ आहे.